‘यांच्या जागी’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

2019 च्या ऑगस्टमधली गोष्ट. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे मॅनेजर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोण येणार, हे जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला ईमेलने कळवायचं होतं. मजकूर चार ओळींचा. त्यातला एक शब्द पक्का व्हायला अकरा दिवस लागले. तेवढ्यात एक माणूस रुसला, एका बाईने राजीनामा टाइप करून ठेवला आणि जो निर्णय मालक वर्षभर तरी टाळणार होते तो त्यांना घ्यावा लागला.

मी तिथला नोकर नव्हे. संध्याकाळी नौपाड्यात बिझनेस इंग्लिशचे वर्ग घेतो आणि दिवसा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांची इंग्रजी पत्रं तपासून देतो. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी पगारी माणसं असतात. पन्नास-साठ कामगारांच्या कारखान्यात मालकच रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर टाकतो, ‘सर, जरा नजर फिरवा.’ बहुतेक वेळा ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ उडवायचा, ‘डू द नीडफुल’च्या जागी नेमकं काय करायचं ते लिहायचं, झालं काम. हे प्रकरण मात्र नजर फिरवून संपणारं नव्हतं.

कारखान्यात पंपांचे इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं फिरतं चाक, आणि केसिंग, म्हणजे त्याचं कवच, बनतात. कास्टिंग बाहेरून येतं, मशिनिंग आणि बॅलन्सिंग इथे होतं. निवृत्त होणाऱ्या मॅनेजरांना सगळे काका म्हणत, मालकसुद्धा. मालकांच्या वडिलांनी पहिली लेथ बसवली तेव्हापासून ते तिथे होते. त्यांच्या जागी क्वालिटीच्या मॅडम येणार होत्या. बारा वर्षं त्याच कारखान्यात, इन्स्पेक्टर म्हणून लागलेल्या, आता विभागप्रमुख. कामगारांना त्यात नवल वाटलं नव्हतं. काका रजेवर असले की शेड त्याच सांभाळत.

सोमवारी, 19 तारखेला, मालकांचा मसुदा आला. त्यात लिहिलं होतं: ‘शी इज द रिप्लेसमेंट ऑफ अवर फॅक्टरी मॅनेजर.’ व्याकरणात खोट नव्हती. मी ‘ऑफ’चं ‘फॉर’ केलं आणि मजकूर परत पाठवला. ही माझी चूक, आणि ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं रामायण तिथून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. ‘सर, जरा येऊन जा.’ आवाज नेहमीचा नव्हता. ठाण्याच्या दहा नंबरवरून वाशीची गाडी पकडली, रबाळ्याला उतरलो, रिक्षा केली. काका केबिनमध्ये नव्हते, डिस्पॅचला उभे होते. हातात मसुद्याचा प्रिंट. मला काही न बोलता त्यांनी कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यापाशी नेलं. खोक्यात लाल टॅग लावलेले तीन इम्पेलर होते, गिऱ्हाइकाने परत पाठवलेले. एकाच्या पात्यावर बारीक सच्छिद्रपणा होता, काकांनी नखाने दाखवला.

‘हे काय आहे?’

‘रिजेक्शन.’

‘याच्या बदल्यात आपण जर्मनीला काय पाठवतो?’

मी गप्प. डिस्पॅचच्या मुलाने उत्तर दिलं, ‘रिप्लेसमेंट, साहेब.’

‘मग मी कुठल्या टॅगचा?’ एवढंच बोलून काका चहाला गेले.

शब्दकोश काकांच्या बाजूने नाही, हे सांगायला हवं. इंग्रजीत माणसाला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात, रोज म्हणतात. पण त्या शब्दाचं लक्ष माणसापेक्षा पडलेल्या भोकाकडे असतं. काहीतरी निघालं, मोडलं, गेलं, ते भोक बुजवायला जे आलं ते रिप्लेसमेंट. आठवडाभर आजारी पडलेल्या शिक्षकाच्या तासाला आलेला चालतो, हकालपट्टी झालेल्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवलेला चालतो, फ्रीजचा दरवाजाही चालतो. एक माणूस तीस वर्षं काम करून मानाने निघतोय आणि दुसरा रीतसर त्याच्या मागून येतोय, हे सांगायला तो शब्द तोकडा पडतो. त्यातून ज्या कारखान्यात दर महिन्याच्या बैठकीत ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द फक्त नापास मालाच्या संदर्भात उच्चारला जातो, तिथे तो कानाला कसा लागेल याचा विचार मी करायला हवा होता. आणि वाचणारा जर्मन. जर्मन भाषेत ‘एर्झाट्झ’ म्हणजे बदली वस्तू. सुट्या भागाला ते ‘एर्झाट्झटाइल’ म्हणतात. पदावर मागून येणाऱ्या माणसाला त्यांचा वेगळा शब्द आहे, ‘नाखफोल्गर’, शब्दशः मागून चालणारा. म्हणजे ज्याला पत्र जाणार त्याच्या डोक्यात हे दोन कप्पे पहिल्यापासून निरनिराळे.

योगायोग असा की आदल्याच रविवारी लॉर्ड्सवर क्रिकेटने हाच धडा दिला होता. शनिवारी जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेला लागला आणि मेंदूला धक्का बसल्यामुळे पाचव्या दिवशी त्याच्या जागी मार्नस लाबुशेन फलंदाजीला उतरला. कसोटीत असं प्रथमच घडत होतं. आपल्याला माहीत असलेला बारावा खेळाडू म्हणजे ‘सब्स्टिट्यूट’; तो क्षेत्ररक्षण करतो, पण त्याला बॅट मिळत नाही, चेंडूही नाही. लाबुशेनला बॅट मिळाली, कारण तो पूर्ण ‘रिप्लेसमेंट’ होता. पुढे 2022 मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने नियमांतच घातलं की रिप्लेसमेंट खेळाडूला मूळ खेळाडूच समजायचं. त्याच्यावरची शिक्षा, त्याचं बाद होणं, सगळं याच्या माथी. चहाच्या टेबलावर मी हे काकांना समजावून सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बरं, पण माझ्या डोक्याला काही लागलेलं नाही.’

बुधवारी मी ‘सक्सेसर’ सुचवला. पदाच्या बाबतीत हा सरळ शब्द. लॅटिनमधल्या ‘मागोमाग जाणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. रांग आहे, एक पुढे गेला, दुसरा त्या जागी आला. कुणी कुणाला ढकललं नाही. काकांना आवडला. मालकांना नाही.

‘फार मोठा वाटतो हो.’

‘मोठा नाही, नेमका आहे.’

‘सक्सेसर म्हणजे वारस ना? वडील गेले तेव्हा सक्सेशन सर्टिफिकेटसाठी ठाणे कोर्टाच्या किती पायऱ्या झिजवल्यात माहितीय?’

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. मराठी घराला ‘सक्सेशन’ हा शब्द भेटतो तो 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यामुळे, थेट बँकेतल्या पैशांसाठी आणि शेअरसाठी. त्यामुळे आपल्या कानाला त्याला इस्टेटीचा वास येतो. मराठीतला ‘उत्तराधिकारी’ही तसाच, मठाच्या गादीपासून सातबाऱ्यापर्यंत सगळीकडे फिरलेला. इंग्रजीत मात्र इस्टेट घेणारा तो ‘एअर’, पद घेणारा तो ‘सक्सेसर’. राजाच्या बाबतीत दोन्ही एकत्र येतात, फॅक्टरी मॅनेजरच्या बाबतीत नाही. मी हे समजावलं. मालक ‘हो हो’ म्हणाले आणि विषय बदलला. शब्द पटला नसेल तर माणूस वाद घालतो. हे विषय बदलत होते. तेव्हा मला ते खटकलं नाही.

गुरुवारी त्यांनी एका मनुष्यबळ एजन्सीकडून दुसरा मसुदा मागवला. त्यात मॅडम ‘द न्यू इन्कम्बन्ट’ झाल्या होत्या. हा आपल्याकडचा खास आजार. नोकरीच्या जाहिरातीत सर्रास असतं, ‘द इन्कम्बन्ट विल बी रिस्पॉन्सिबल फॉर...’, आणि वाचणाऱ्याला वाटतं, इन्कम्बन्ट म्हणजे येऊ घातलेला. खरं तर तो आज खुर्चीत असलेला. मुळात शब्द चर्चच्या पदांचा, अर्थ ‘त्यावर टेकून असलेला’. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये लोकसभा झाली होती आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभा होती. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ ‘अँटी-इन्कम्बन्सी’ चालू होतं. सत्तेत बसलेल्यांवरचा राग तो. बसू पाहणाऱ्यांवर कोण कशाला रागावेल? मग 31 ऑगस्टपर्यंत आपल्या कारखान्याचे इन्कम्बन्ट कोण, तर काका. मसुदा बाद झाला. त्याचे पैसे एजन्सीने घेतले की नाही ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी मालकांचा धीर सुटला. मला न विचारता त्यांनी स्वतःच मेल पाठवून दिला. त्यात होतं: 1 सप्टेंबरपासून मॅडम ‘इन-चार्ज फॅक्टरी मॅनेजर’.

इथे जरा थांबतो, कारण सगळ्या प्रकरणात मला सर्वांत शिकवून गेलेला शब्द हाच. आपल्या सरकारी मराठीत ‘प्रभारी’ म्हणजे तात्पुरता. प्रभारी प्राचार्य, प्रभारी मुख्याध्यापक. नेमणूक झालेली नाही, तोवर कुणाकडे तरी कारभार दिलाय. काही प्रभारी त्याच खुर्चीत निवृत्त होतात, तो भाग वेगळा. या ‘प्रभारी’चं आपण इंग्रजी केलं ‘इन-चार्ज’, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात ‘प्रिन्सिपल इन-चार्ज’ची पाटी पाहून आपल्याला बरोबर कळतं की कायमची नेमणूक रखडली आहे. बाहेरच्या इंग्रजी वाचकाला यातलं काहीही कळत नाही. त्याच्या लेखी ‘इन चार्ज’ म्हणजे ज्याच्या हातात सूत्रं आहेत तो, बस. तात्पुरतेपणाचा मागमूस नाही. ‘ऑफिशिएटिंग’ची तीच गत; आपल्या सैन्यात आणि सरकारी खात्यांत तो वरच्या पदाचं काम हंगामी सांभाळणारा, बाहेर त्याच शब्दावरून लोकांना लग्न लावणारा पाद्री नाहीतर सामन्याचा पंच आठवेल.

शनिवारी दहीहंडी, ठाण्यात रस्ते बंद. सोमवारी जर्मनीचं उत्तर आलं. अतिशय सभ्य, दोन ओळींचं. मॅडमकडे सूत्रं येत आहेत हे कळलं, आनंद झाला. मग फॅक्टरी मॅनेजर कोण असणार आहे? आणि 1 तारखेपासून डेव्हिएशनवर सही कोणाची चालेल?

डेव्हिएशन म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे प्रश्नाचं वजन कळेल. ड्रॉइंगमध्ये एखादं माप 40.00 दिलंय, सूट अमुक मायक्रॉनची, आणि तयार झालेला भाग त्याच्या किंचित बाहेर गेलाय, पण कामात फरक पडणार नाही. अशा वेळी कारखाना लेखी विचारतो, गिऱ्हाईक लेखी परवानगी देतं, मगच माल निघतो. त्या कागदावर सही करणाऱ्याला अधिकार नसेल तर अख्खी लॉट अडकते. गिऱ्हाइकाला शब्दाच्या छटेशी देणंघेणं नव्हतं. कोणाच्या सहीवर विसंबायचं, एवढंच त्याला हवं होतं.

मंगळवारी मी मॅडमना भेटलो. क्वालिटीच्या वातानुकूलित खोलीत, ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटशेजारी. त्या हाइट गेज पुसत होत्या, मला बघून पुसतच राहिल्या.

‘सर, इन-चार्जचा अर्थ मला माहितीय. जर्मनांना नसेल.’

मी म्हटलं, बदलता येईल शब्द.

‘माझे आजोबा लालबागला गिरणीत बदली होते. सकाळी गेटवर उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर आत बोलावणार, नाहीतर परत घरी. आजी म्हणायची, यांचं नाव खात्यावर कधी चढलंच नाही, दुसऱ्याच्या नावावर जन्म गेला.’ हाइट गेज जागेवर ठेवलं. ‘मी राजीनामा टाइप करून ठेवलाय. त्यातलं इंग्रजी बघायची गरज नाही.’

‘बदली’ हा शब्द मराठी-हिंदीतून थेट इंग्रजी कायद्यात गेला आहे. तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘बदली वर्कमन’ची व्याख्याच होती: ज्याचं नाव हजेरीपटावर आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी लावलेला कामगार. इंग्रजांची भाषा असून कायदा लिहिणाऱ्यांना ‘सब्स्टिट्यूट’, ‘रिप्लेसमेंट’, ‘टेम्पररी’ यांतला एकही पुरला नाही; मुंबईच्या गिरण्यांतलाच शब्द घ्यावा लागला. कारण त्यात एक गोष्ट पक्की आहे: जागा दुसऱ्याची आहे. त्याच व्याख्येत पुढे असंही होतं की वर्षभर सलग सेवा झाली की त्या कलमापुरता तो बदली राहत नाही.

वर्षभर. तिथे माझी ट्यूब पेटली.

मालकांचा मुलगा तेव्हा बाहेर शिकत होता, मेकॅनिकलला, आणि पुढच्या वर्षी परतणार होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं. मालकांना गिऱ्हाइकापुढे कायमची व्यवस्था दाखवायची होती, मॅडमना कायमचं वचन द्यायचं नव्हतं आणि मुलासाठी खुर्ची राखायची होती. एका इंग्रजी शब्दाने तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगाव्यात, ही अपेक्षा. शब्द मिळत नव्हता कारण निर्णय झालेला नव्हता, आणि मी बापडा लॅटिन धातू समजावत बसलो होतो.

मी मालकांना तसं म्हटलं, जरा सौम्य शब्दांत. ते चिडले नाहीत. ‘मग अ‍ॅक्टिंग लिहा,’ म्हणाले, ‘ते तरी चालेल ना?’

चालण्यासारखा शब्द होता. ‘अ‍ॅक्टिंग’ प्रामाणिक आहे: पद रिकामं आहे किंवा धनी हजर नाही, तोवर हा माणूस त्या पदाचं काम करतोय. आपल्या संविधानातही ‘अ‍ॅक्टिंग चीफ जस्टिस’ आहे, कलम 126 मध्ये. ‘इंटरिम’ त्याच्याच जवळचा, पण त्यात दोन कायम माणसांमधली फट दिसते. पुढचा येणार हे त्यात गृहीत असतं. गुलजारीलाल नंदा 1964 मध्ये नेहरूंच्या निधनानंतर आणि 1966 मध्ये शास्त्रींच्या निधनानंतर पंतप्रधान झाले, दोन्ही वेळा तेरा-तेरा दिवस. शपथ पूर्ण पंतप्रधानपदाची. संविधानात हंगामी पंतप्रधान असं पदच नाही. तरी नेहरूंचे ‘सक्सेसर’ कोण म्हटलं तर इंग्रजी वाचक शास्त्रींचं नाव घेतो. म्हणजे नुसतं लगेच नंतर खुर्चीत बसून माणूस सक्सेसर होत नाही, जागा त्याची म्हणून मिळावी लागते. मॅडमना ‘अ‍ॅक्टिंग’ म्हणायचं तर किती काळ आणि कोण येईपर्यंत, हे सांगावं लागणार होतं. जर्मनाने पुढच्याच मेलमध्ये विचारलं असतं. मॅडमनी तर त्याआधीच.

गाठ सोडवली ती इंग्रजीने नव्हे. कारखान्याच्या परवान्याची कामं बघणारे एक सल्लागार आहेत, बुधवारी ते दुसऱ्याच कागदासाठी आले होते. मॅनेजर बदलतोय म्हटल्यावर त्यांनी बॅगेतून कायद्याचं जुनं पुस्तक काढलं. तेव्हा 1948 चा कारखाना कायदा चालू होता. कलम 7. नवा मॅनेजर नेमला की त्याने चार्ज घेतल्यापासून सात दिवसांच्या आत ऑक्युपायरने, कायद्याच्या मराठीत भोगवटादाराने, सरकारच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरला लेखी कळवायचं. पुढच्याच पोटकलमात असं की, ज्या काळात कुणाचीही मॅनेजर म्हणून नेमणूक झालेली नसेल त्या काळात जो कोणी मॅनेजरचं काम करताना आढळेल तो मॅनेजर मानला जाईल. तसा कुणी आढळला नाही तर खुद्द ऑक्युपायर.

मालकांनी दोनदा वाचायला लावलं.

‘म्हणजे मी तिला अ‍ॅक्टिंग म्हटलं, इन-चार्ज म्हटलं, काहीही म्हटलं...’

‘काम करताना आढळल्या की त्याच मॅनेजर. जबाबदारी पूर्ण. उद्या प्रेसवर कुणाचं बोट गेलं तर नोटीस त्यांच्या नावाने. आणि त्या नाही म्हणाल्या, गेल्या निघून, तर मॅनेजर कोण साहेब? तुम्हीच.’

केबिनमध्ये एसीचा आवाज तेवढा येत होता. अपघाताची जबाबदारी कायमची आणि पदनाम तात्पुरतं, असा हा सौदा होता. मालकांना तो असा मांडलेला आवडला नसावा. माणूस वाईट नाही; मुलाच्या बाबतीत बाप जसा असतो तसा. गुरुवारी त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. बाहेर आल्यावर मॅडमनी मला फक्त ‘साधा ठेवा मजकूर’ असं सांगितलं, आणि मालकांनी सांगितलं की विशेषण एकही नको, फॅक्टरी मॅनेजर, पूर्णविराम.

मग शब्द पाच मिनिटांत मिळाले, आणि तीन कागदांना तीन वेगळे. इन्स्पेक्टरच्या पत्रात कायद्याचीच भाषा वापरली, ‘हॅज टेकन ओव्हर चार्ज अ‍ॅज मॅनेजर’. तिथे आपली कलाकुसर नको. कायद्यात जे क्रियापद आहे तेच कागदावर दिसलेलं बरं. फक्त ते पत्र चार्ज घेतल्यावर निघणार होतं, गणेशचतुर्थीच्या सुट्टीनंतर.

जर्मनीच्या मेलमध्ये मी नाम वापरलंच नाही, ना सक्सेसर, ना आणखी काही. क्रियापद वापरलं: काका 31 ऑगस्टला निवृत्त होत आहेत, आणि ‘शी सक्सीड्स हिम अ‍ॅज फॅक्टरी मॅनेजर फ्रॉम वन सप्टेंबर’. डेव्हिएशनवर त्या तारखेपासून त्यांची सही. नाम वापरलं की माणसाच्या गळ्यात पाटी पडते आणि मग त्या पाटीच्या छटा मोजाव्या लागतात. क्रियापदात घडलेली गोष्ट सांगून मोकळं होता येतं. यात एक अडचण अशी की ‘सक्सीड’चा दुसरा अर्थ यशस्वी होणे, आणि मराठी शाळेत तोच आधी शिकवतात. पण मागे ‘हिम’ असं कर्म आलं की तो अर्थ उरत नाही. ‘टेक्स ओव्हर फ्रॉम हिम’ही चाललं असतं. ‘फिल्स इन फॉर’, ‘कव्हर्स फॉर’, ‘स्टँड्स इन फॉर’ मात्र नाही; तिन्हींत काका दोन आठवड्यांनी गावाहून परतणार आहेत असं वाटतं.

तिसरा कागद म्हणजे नोटीस बोर्ड, मराठीत. तो मालकांच्या लेखनिकाने लिहिला होता: ‘1 सप्टेंबरपासून फॅक्टरी मॅनेजर म्हणून मॅडम काम पाहतील.’ मला त्यात काही वावगं दिसलं नाही. काकांना दिसलं. खिशातून पेन काढून त्यांनी ‘काम पाहतील’ खोडलं. ‘काम पाहतील म्हणजे कोणीतरी येईपर्यंत पाहतील. असं लिहितात का? आहेत लिही.’ इंग्रजीचा तज्ज्ञ मी होतो. मराठीतला प्रभारी त्यांनी पकडला.

मेल शुक्रवारी, 30 तारखेला गेला. सोमवारी गणेशचतुर्थी, कारखाना बंद. मंगळवारी उत्तर आलेलं होतं: मॅडमचं अभिनंदन, काकांना शुभेच्छा, आणि नमुना सहीचा कागद पाठवा. मॅडमनी पाठवलेल्या पहिल्या मेलमध्ये त्यांना काकांचा उल्लेख करायचा होता, त्या कुठल्याशा जुन्या डेव्हिएशनबद्दल. ‘एक्स-मॅनेजर’ लिहिलं होतं, माझ्याकडे तपासायला आलं. ‘एक्स’ चूक नाही, पण नवरा-बायकोच्या काडीमोडाची त्याला चिकटलेली छटा काकांनी लगेच ओळखली असती. ‘फॉर्मर मॅनेजर’ बरं. त्याहून बरं ‘माय प्रीडिसेसर’, कारण त्यात दोघंही एकाच रांगेत उभे राहतात, पुढे-मागे. तेच गेलं. ‘लेट’ कुणी लिहिलं नाही हे नशीब. एका सोसायटीच्या परिपत्रकात माजी सचिवांना ‘लेट सेक्रेटरी’ केलेलं मी पाहिलंय, आणि गृहस्थ खाली कट्ट्यावर बसले होते.

मुलगा पुढे आला. डिझाइन बघतो.

दसऱ्याला, 8 ऑक्टोबरला, मशीनची पूजा होती. झेंडूच्या माळा, व्हीएमसी मशीनच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक, कामगारांची मुलं शेडमध्ये धावताहेत. काका आले, पण गेटवर नवा वॉचमन होता. त्याने रजिस्टर पुढे केलं. नाव, कुठून, कोणाला भेटायचं, पदनाम. मी त्यांच्यामागेच उभा होतो. ‘कोणाला भेटायचं’च्या रकान्यात काकांनी ‘फॅक्टरी मॅनेजर’ लिहिलं. पदनामाच्या रकान्यावर पेन थोडं थांबलं, मग त्यांनी वळून मला स्पेलिंग विचारलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलं: प्रीडिसेसर.

वॉचमनने वाचायचा प्रयत्न केला, सोडून दिला आणि पास फाडून हातात ठेवला.